काळ्या पट्टीवरची गाडी

सुट्टी म्हणून आज लेकीचं रोबोट किट काढलं. पांढऱ्या फरशीवर काळी चिकटपट्टी लावली, गाडीने तिच्यावरून धावायचं. धावतेय कसली, जागच्या जागी गरागरा! एका मोटरच्या वायरी उलट्या जोडलेल्या. त्या बदलल्या, तरी खिडकीपाशी आली की भरकटायची. मी तासभर प्रोग्राम उसवत बसलो. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, पडदा ओढ ना!"

काळा रंग इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) शोषतो, पांढरा परत पाठवतो, यावर गाडीच्या पट्टी ओळखणाऱ्या सेन्सरचा सगळा खेळ. आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर, म्हणून तो खिडकीपाशी गोंधळायचा. मला माहीत होतं (इंजिनिअर ना मी!), सुचलं तिला. आमच्या शाळेतलं लोगोचं (मुलांना प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या भाषेचं) कासव स्क्रीनवरच फिरायचं, त्याला ऊन लागत नव्हतं.

पट्टी अजून फरशीवरच आहे. आजी विचारतेय, उद्या केर कसा काढायचा?