सीएनसी की साधं लेथ: वागळे इस्टेटच्या गाळ्यातला हिशोब

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात दोन लेथ (जॉब फिरवून कापणारी मशीन) आणि एक मिलिंग मशीन होतं. सीएनसी, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रॅमवर आपोआप कापणारं मशीन, घ्यायचं का, ही चर्चा दर दिवाळीला निघायची आणि मशीनच्या किमतीपाशी येऊन थांबायची. या खेपेला किंमत बाजूला ठेवली आणि आधी मागच्या बारा महिन्यांची चलनं (माल पाठवल्याच्या पावत्या) काढली. प्रत्येक चलनावर तीनच गोष्टी बघितल्या: नग किती, तोच जॉब परत आला का, आणि ड्रॉइंगवरचा सगळ्यात घट्ट टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कोणता. बिल किती रुपयांचं झालं याचा या निर्णयाशी फारसा संबंध नसतो.

चलनांचे सरळ दोन गठ्ठे पडले. पहिल्यात मेंटेनन्सची कामं. नवी मुंबईत तुर्भे-पावण्याच्या केमिकल कारखान्यांतले झिजलेले पंप शाफ्ट, तुटलेल्या पिना, पुलीचं बोअर (भोक) वाढवणं. नग एक किंवा दोन, ड्रॉइंग नाहीच, नमुना म्हणून तुटका तुकडा आणि ‘संध्याकाळी हवंय’ एवढाच निरोप. दुसऱ्या गठ्ठ्यात रबाळे-महापेच्या मशीन बनवणाऱ्यांचे बुश (नळीसारखे पोकळ भाग), पिन, स्पेसर. लॉट २५ ते ६० नगांचे, आणि त्यातले बरेचसे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा येणारे.

हिशोबाला दुसऱ्या गठ्ठ्यातली एक पिन घेतली. ईएन ८ पोलादाचा ३६ मिमीचा बार, डोकं ३२, दांडा २५ जी ६ (जी ६ म्हणजे व्यासाची घट्ट हद्द), टोकाला एम १६ बाय १.५ चे आटे. साध्या लेथवर घड्याळ लावून बघितलं: सेटिंगला २० मिनिटं, पुढे नगाला १४. तोच जॉब ओळखीच्या गाळ्यात सीएनसीवर कापून घेतला. प्रोग्रॅम, सॉफ्ट जॉ (जॉब धरणारे मऊ जबडे) बोअर करणं, टूलचे ऑफसेट (मापातली दुरुस्ती) घेणं आणि पहिला नग पास होणं, यात १५० मिनिटं गेली. त्यानंतर दोन्ही बाजू धरून नगाला साडेतीन मिनिटं.

नुसता वेळ बघितला तर १३ नगांपासून सीएनसी पुढे जातं. विक्रेते हाच आकडा दाखवतात. पण तासाचा दर दोन्ही मशीनना सारखा नसतो. हप्ता, वीज, टूलिंग आणि माणूस धरून आमच्याकडे लेथचा तास २५० रुपयांना पडतो, सीएनसीचा ४५०. पैशांत मांडलं की तेच गणित १३ वरून थेट ३३ नगांवर जातं. म्हणजे २५ चा लॉट पहिल्यांदा आला तर तो साध्या लेथवरच स्वस्त.

हाच जॉब परत आला तर मात्र चित्र पालटतं. प्रोग्रॅम तयार असतो, सॉफ्ट जॉ नंबर टाकून कपाटात असतात, सेटिंग ५० मिनिटांत आटोपतं. मग १० नगांनाच सीएनसी परवडतं. त्यामुळे मशीन घ्यायचं का हे आम्ही मोठ्या लॉटवरून ठरवलं नाही, रिपीट चलनं मोजून ठरवलं. रिपीट नसते तर ३३ च्या वरचे लॉट बाहेर जॉबवर्कला देऊन मोकळे झालो असतो, आणि अजूनही बऱ्याच गाळ्यांना तोच मार्ग शहाणपणाचा वाटतो.

टॉलरन्सचं वजन वेगळं. २५ जी ६ म्हणजे २४.९८० ते २४.९९३, तेरा मायक्रॉनची खिडकी. चांगला टर्नर साध्या लेथवर ती गाठतो, शेवटी पॉलिश पेपर मारून. पण चाळिसाव्या नगापर्यंत तोच हात तसाच राहील याची खात्री कोणी देत नाही. आट्यांचं दुखणं आणखी निराळं. आमच्या जुन्या लेथचा लीडस्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा स्क्रू) इंचाला चार आट्यांचा. त्यावर मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दातांचं गिअर लावावं लागतं आणि जॉब संपेपर्यंत हाफ नट (टूलला त्या स्क्रूशी जोडणारा) सोडता येत नाही. प्रत्येक पासनंतर टूल मागे घ्यायचं, मोटर उलटी फिरवायची, पुन्हा सुरुवातीला यायचं. नगाच्या चौदा मिनिटांतली चार-पाच इथेच जातात. सीएनसीवर हे जी ७६ या आटे पाडायच्या आदेशाच्या दोन ओळींत होतं.

मधला उपाय म्हणून एका लेथवर डीआरओ (माप आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले) बसवला, तो आजही आहे. मापात फरक पडतो, कारण स्लाइडची हालचाल थेट स्केलवर वाचली जाते आणि स्क्रूतला बॅकलॅश (ढिलेपणा) वाचनात येत नाही. वेगात मात्र फारसा फरक नाही.

मशीन ठरल्यावर खरं काम विजेचं. महावितरणकडे मंजूर भार वाढवायचा तर आधी सगळ्या मोटरींची बेरीज करा. औद्योगिक जोडणीत २० किलोवॅटच्या वर गेलात की दराचा टप्पा बदलतो आणि डिमांड चार्जचा हिशोब वेगळा लागतो. शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस किंवा वेल्डिंग असेल तर व्होल्टेज खाली बसतं आणि ड्राइव्ह (मोटर चालवणारं युनिट) अलार्म देऊन थांबतो, तोही बरोबर आट्यांच्या मध्यावर. सर्वो स्टॅबिलायझर, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि मशीनचं स्वतंत्र अर्थिंग हे किमतीतच धरायचं. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर मशीन जोडू नका, आधी अर्थिंगचा खड्डा सुधारा.

शटरची रुंदी आणि उंची मोजून ठेवा. हायड्रा (चाकांवरची क्रेन) मशीन दारापर्यंतच आणतो, आत पाइपवर सरकवत न्यायचं असतं. मशीनची लेव्हल एका मीटरला ०.०२ मिमी फरक दाखवणाऱ्या स्पिरिट लेव्हलने बघायची, आणि आठवड्याने पुन्हा. कोबा दबतो.

आता बिघडतं कुठे. पहिली चूक जवळपास सगळे करतात ती दशांश चिन्हाची. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर, सेटिंग तसं असेल तर, एक्स २५ (व्यास २५ मिमी) पुढे टिंब न देता लिहिलं की मशीन ते २५ मायक्रॉन समजतं. टूल थेट मध्याकडे धावतं. म्हणून नवा प्रोग्रॅम आधी चक (जॉब पकडणारा भाग) रिकामा ठेवून, सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ), रॅपिड (मोकळी धाव) २५ टक्क्यांवर चालवायचा आणि स्क्रीनवरचं ‘डिस्टन्स टू गो’ (उरलेलं अंतर) वाचत राहायचं. बोट फीड होल्डवर, म्हणजे थांबवायच्या बटणावर. फेसिंगला (टोक सपाट करताना) जी ९६, म्हणजे कापण्याचा वेग कायम ठेवणारा आदेश, लावलंत तर जी ५० ने आरपीएमला लगाम घाला, कारण टूल मध्याजवळ गेलं की स्पिंडल कमाल वेगाला पोचतं आणि वाकडा बार चकमध्ये थडथडतो.

दुसरी अडचण पातळ बुशची. हायड्रॉलिक चकचा दाब पिनसाठी लावलेला असतो, त्याच दाबात तीन मिमी भिंतीचा बुश धरला की तो किंचित दबतो. बोअर गोल कापलं जातं, जॉ सुटले की बुश मोकळा होतो आणि बोअरला तीन कोपरे येतात. डायल बोअर गेजने मापलं तर साइज सगळीकडे सारखी दिसते, कारण ते गेज दोनच बिंदूंवर टेकतं. प्लग गेज (ठरलेल्या मापाचा गोल दांडा) मात्र आत जात नाही. आमचा एक अख्खा लॉट असाच परत आला. तेव्हापासून पातळ भिंतीला दाब कमी करतो, जॉबच्या साइजलाच बोअर केलेले रुंद सॉफ्ट जॉ लावतो, आणि तपासणी प्लग गेजनेच होते. सॉफ्ट जॉ बोअर करताना आत रिंग धरून तोच दाब ठेवायचा, नाहीतर ते जॉब पकडताना उघडे पडतात.

तिसरी, सकाळची. गार मशीनवर पहिल्या अर्ध्या तासात व्यास दहा-बारा मायक्रॉन सरकतो आणि जी ६ ची खिडकी तेवढ्यात संपते. पंधरा मिनिटं स्पिंडल आणि स्लाइड फिरवून मगच पहिला नग घ्यायचा. पुढे दर पाचव्या नगाला मायक्रोमीटर, आणि इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) झिजेल तसा ऑफसेट पाच मायक्रॉनने.

लेथ मशीन विकली नाहीत. वेल्डिंगने भरलेला शाफ्ट कापताना मध्येच कडक डाग लागतो, थर वर-खाली असतो, टूलला झटके बसतात. हाताने फीड देणारा टर्नर आवाज ऐकून हात आखडता घेतो. प्रोग्रॅम तसाच पुढे जातो आणि इन्सर्टची कड उडते. असा शाफ्ट एचएसएस (हायस्पीड स्टील) टूल घासून, कमी वेगाने, साध्या लेथवरच. त्याला तीन तास लागले तरी कारखाना बंद असलेला गिऱ्हाईक दरात घासाघीस करत नाही, आणि आमचा सगळ्यात चांगला तास अजूनही हाच पडतो.

पावसाळ्याचं पथ्य वेगळं. कूलंट (कापताना सोडायचं तेल-पाणी) पातळ होऊ द्यायचं नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर (त्याचं प्रमाण मोजायचं साधन) सात-आठ टक्के ठेवतो, चारवर आलं की तयार पिनांवर रात्रीत तांबूस डाग येतात. पॅनेलचं दार उघडं टाकायचं नाही, कितीही उकडलं तरी. आणि स्क्रीनवर ‘बॅट’ लुकलुकायला लागलं की त्याच दिवशी बॅटरी आणायची. ती मशीनचा कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची. बंद करून काढली तर स्लाइडची होम पोझिशन जाते, बॅटरी मेमरीची असेल तर पॅरामीटर आणि प्रोग्रॅमसुद्धा, आणि सर्व्हिसवाला येईपर्यंत सगळे लॉट त्या जुन्या चार आट्यांच्या लीडस्क्रूवर येऊन पडतात.