विक्रीला असलेली 1966ची एमजीबी

एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघड्या छताची छोटी स्पोर्ट्स कार, ही ब्रिटनमध्ये दुर्मीळ गाडी मुळीच नाही. 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून रोडस्टर, बंद छपराची जीटी आणि त्यांची भावंडे धरून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळे आजही कधीही शोध घेतला तरी विक्रीला असलेल्या गाड्यांची भली मोठी यादी समोर येते आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या वर्णनात ‘संपूर्ण पुनर्बांधणी केलेली, मूळ रूपाला धक्का न लावता सुधारलेली’ असा मजकूर हमखास असतो. ऑक्सफर्डशरमध्ये मी नुकतीच पाहून आलेली गाडीही त्यांतलीच. 1966ची, टार्टन रेड रंगाची, तारांच्या चाकांची, क्रोमच्या बंपरची आणि काळ्या पाटीवर रुपेरी अक्षरांत क्रमांक असलेली. दिसायला ती फारच देखणी आहे, पण साठ वर्षांच्या गाडीचे देखणेपण रंगकाम करणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते, त्यामुळे ते मी हिशेबात धरत नाही.

हिशेबात धरायची पहिली गोष्ट म्हणजे सिल, म्हणजे दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पेटी. आधीच्या एमजीए या मॉडेलला स्वतंत्र चॅसी, म्हणजे बॉडीखालचा वेगळा सांगाडा, होती. एमजीबीला ती नाही, आणि रोडस्टरला तर छप्परही नाही, त्यामुळे गाडीचा पुढचा व मागचा भाग एका रेषेत धरून ठेवण्याचे बरेचसे काम या दोन पेट्यांवर येते. पेटीत बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा, आतला पत्रा आणि तळाशी कॅसल रेल नावाचा आधारपत्रा असे थर असतात आणि पाणी व मीठ साचून गंज आतून सुरू होतो. बाहेर फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा बहुधा गेलेलाच असतो. नीट दुरुस्ती करायची तर पुढच्या व मागच्या विंगचा, म्हणजे चाकावरच्या पत्र्याचा, खालचा भाग कापावा लागतो, कारण सिलची दोन्ही टोके त्यांच्या आड जातात. हे काम वेळखाऊ आणि महागडे असल्यामुळे अनेक गाड्यांत जुन्या कुजलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवून वर झकपक रंग दिलेला आढळतो, आणि दुर्दैवाने त्यालाही पुनर्बांधणी म्हणण्याची पद्धत आहे.

हे ओळखण्याची एक जुनी युक्ती आहे. गाडी बाजूच्या जॅकपॉइंटवर उचलायची आणि दाराच्या मागच्या कडेची फट पाहायची. सिल भक्कम असेल तर फट तशीच राहते आणि दार पूर्वीइतक्याच सहजतेने उघडते; सिल कमजोर असेल तर गाडी मध्ये वाकते, फटीची रुंदी बदलते आणि दार अडते. विक्रेत्याने मी विचारण्याआधीच जॅक काढला, हे मला आवडले. फट जागची हलली नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्याकडे बाहेरचा पत्रा काढल्यानंतरची छायाचित्रे होती आणि वेल्डिंगच्या वेळी दाराच्या चौकटीत तात्पुरती लोखंडी आडवी पट्टी जोडलेली त्यांत स्पष्ट दिसत होती. ही पट्टी न लावता सिल कापली तर गाडी वाकलेल्या अवस्थेतच कायमची जोडली जाते आणि मग दार आयुष्यभर नीट लागत नाही. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था 1988पासून मूळ साच्यांवर एमजीबीची नवी बॉडी तयार करते. तिची किंमत दहा हजार पौंडांहून बरीच अधिक असल्यामुळे या छायाचित्रांना मी कोणत्याही चकचकीत बोनेटपेक्षा जास्त मोल देतो.

सुधारणांबाबत माझा निकष साधा आहे. पान्यांच्या जोरावर जी काढून मूळ भाग पुन्हा बसवता येतो, ती सुधारणा. ज्यासाठी पत्रा कापावा लागतो, तो बदल. दुसऱ्या प्रकारची गाडी वाईटच असते असे नाही, पण मग तिची किंमत आणि तिच्याकडून असलेली अपेक्षा वेगळी ठेवावी.

या निकषावर या गाडीची वीजयंत्रणा चांगली उतरली. 1966च्या एमजीबीत वीज तयार करणारा डायनॅमो असतो, सीटच्या मागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. इथे ते ऋण टोकावर आणले आहे, डायनॅमोच्या जागी त्याच कामाचा आधुनिक अल्टरनेटर बसवला आहे आणि सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली पॉइंट व कंडेन्सर यांच्याऐवजी छोटे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, जे बाहेरून दिसतसुद्धा नाही. टोक बदलण्याचे काम कितपत जाणकाराने केले आहे, हे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या आरपीएमच्या काट्यावरून कळते. या काळातला काटा इलेक्ट्रॉनिक असतो आणि त्याच्या आतल्या जोडण्या बदलल्याशिवाय तो उलट्या टोकांवर चालत नाही. घाईत काम उरकलेल्या गाड्यांत तो मेलेला तरी असतो, नाहीतर त्याच्या जागी भलताच काटा बसवलेला असतो. इथे मूळ काटा व्यवस्थित चालत होता. किल्ली फिरवल्यावर मागून पेट्रोल ओढणाऱ्या एसयू पंपाची टकटक ऐकू आली, हळू झाली आणि थांबली. ती थांबली नाही तर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल गळत आहे किंवा पंप कुठून तरी हवा ओढत आहे, असे समजावे.

इंजिन 1798 सीसीचेच आहे, पण सिलिंडर हेड शिसेविरहित पेट्रोलसाठी कडक व्हॉल्व्ह सीट घालून तयार केले आहे. पेट्रोलच्या नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या आहेत. 2021मध्ये ब्रिटनभर ई10, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले, पेट्रोल आल्यापासून जुन्या रबरी नळ्या ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे आहे.

गिअरबॉक्सबाबत मी थोडा हट्टी आहे. आजकाल अनेक जण एमजीबीत आधुनिक पाच गिअरचा बॉक्स बसवतात. या गाडीत तो नाही, मूळ चार गिअर आणि लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी करणारा जोड-गिअर, आहे, आणि मला तेच योग्य वाटते. ताशी 70 मैलांवर चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे 3900 फेरे घेते. डॅशबोर्डवरचे छोटे बटण खाली केले की ते 3100च्या आसपास येते आणि गाडी जणू सुटकेचा नि:श्वास टाकते. पाचव्या गिअरने याहून फारसा जास्त फरक पडत नाही. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी यंत्रणा, नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो सहजासहजी टाकता येत नाही, ही गैरसोय खरी. पण ती अंगवळणी पडते.

सस्पेन्शनमध्ये मूळचे लीव्हर-आर्म डँपर, म्हणजे दांड्याने चालणारे धक्काशोषक, दुरुस्त करून तसेच ठेवले आहेत, हेही शहाणपणाचे. पुढच्या डँपरचा दांडा हाच वरचा विशबोन, म्हणजे चाक धरून ठेवणारा दुवा, असतो, त्यामुळे आधुनिक नळीसारखे टेलिस्कोपिक डँपर लावणाऱ्या अनेकांना तो जुना डँपर केवळ आधारापुरता ठेवावाच लागतो आणि मग या उपद्व्यापातून नेमके काय मिळाले, असा प्रश्न पडतो.

दोष सापडला तो चाकांत. मागचे चाक जॅकवर उचलून, विक्रेत्याला ब्रेक दाबून धरायला सांगून मी चाक पुढे-मागे हलवले, तेव्हा ते किंचित फिरले आणि खट् असा आवाज आला. तारांचे चाक हबवरच्या, म्हणजे धुरीच्या टोकाच्या तुंब्यावरच्या, दात्यांवर बसते. दाते झिजले की असा खुळखुळा होतो आणि फार झिजले तर ब्रेक दाबूनही चाक फिरत राहू शकते. दोन्ही मागच्या बाजूंचे हब आणि बहुधा चाकेही बदलावी लागतील. एवढ्या निगुतीने केलेल्या गाडीत हे कसे राहिले, याचे मला आश्चर्य वाटले.

कागदपत्रांत हेरिटेज सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याच्या मूळ नोंदींवरून दिलेला दाखला, आहे आणि इंजिनचा क्रमांक त्याच्याशी जुळतो. चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न झालेल्या गाड्यांना 2018पासून एमओटी ही रस्त्यावर चालण्यालायक असल्याची वार्षिक तपासणी सक्तीची नाही, तरी या मालकाने ती स्वेच्छेने करून घेतली आहे. तिऱ्हाइताने गाडीच्या पोटाखाली जाऊन लिहिलेला शेरा मला मालकाच्या शब्दापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतो. विम्यासाठी मात्र इग्निशनपर्यंतचा प्रत्येक बदल कंपनीला कळवावा लागेल.

मागितलेली किंमत बिलांच्या बेरजेपेक्षा कमी आहे, जे एमजीबीच्या बाबतीत नेहमीचेच. हब व चाकांचा खर्च वजा करून मी माझा आकडा सांगितला आहे आणि काढलेला डायनॅमो, पॉइंट व जुने सिलिंडर हेड ठेवलेली पेटी गाडीसोबत मिळावी, अशी अटही घातली आहे. आकड्यावर विचार करायला विक्रेत्याने वेळ मागितला. पेटी द्यायला तो लगेच तयार झाला.