तुमचा देव तो माझा देव

शनिवार, रात्री अकरा

पुढच्या शनिवारी मावसबहिणीचं लग्न, नगरच्या चर्चमध्ये. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या घरात ते अजून कुणाच्या तोंडी बसलेलं नाही.) शास्त्रवाचन माझ्याकडे आलंय. उतारा तिनेच निवडला, बायबलमधलं रूथचं पुस्तक, पहिला अध्याय. "तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव."

मोठ्याने वाचून बघितलं आणि हसू आलं. नवरीला हे वचन चपखल बसतं ते त्या 'तुमचा'मुळे. आपल्याकडे नवऱ्याला अहो-जाहो आणि सासूलाही. रूथ बोलतेय ती सासूशी. नवरा वारलाय, सासू नामी बेथलेहेमला परत निघालीय आणि ही मवाबी सून तिला सोडायला तयार नाही. दोघींत 'तसलं' काही होतं असं मी म्हणणार नाही, ती ओढाताण झाली. पण एका बाईने दुसऱ्या बाईला दिलेला शब्द लग्नात चालतो, आणि तो वाचायला मी उभी राहणार. मंडळीत हे किती जणांच्या लक्षात येईल कोण जाणे.

सरावाला आजीचं बायबल काढलं. ते आपोआप रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावर उघडतं. सतरा-अठराव्या वर्षी मी रोज तिथेच उघडायचे. सव्विसावं वचन, बायकांनी नैसर्गिक संबंध सोडल्याबद्दलचं. अख्ख्या बायबलमध्ये आमच्यासारख्या, बाईवर प्रेम करणाऱ्या बायकांसाठी बोट ठेवतात ते हे एकच. लेवीय हे पुस्तक याबाबत पुरुषांपुरतंच बोलतं. तेव्हा पेन्सिलने खाली रेघ मारली होती, मग आजीला दिसेल म्हणून खोडली. कांद्याच्या पापुद्र्यासारखा कागद, खोडरबराने तिथे विरलाय. दिव्यापुढे धरला की मागच्या पानावरची अक्षरं उलटी दिसतात.

हे पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या मनात नक्की काय होतं, मूर्तिपूजा की रोमी श्रीमंतांचे चाळे, यावर पुष्कळ वाचून झालं. वाचताना पटतं. रात्री प्रार्थनेला डोळे मिटले की त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

'सोड' हे दोन्हीकडून ऐकलंय. एका पाळकसाहेबांनी सांगितलं, ते सोड. पुण्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, चर्च सोड. दोघांनाही माझं भलंच हवं होतं. पण 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातलं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं गीत सुरू झालं की माझा घसा दाटतो, त्याला मी काय करू? २०१८ मध्ये ६ सप्टेंबरला कलम ३७७चा निकाल आला, आमचं प्रेम गुन्हा राहिलं नाही, तेव्हा ऑफिसच्या बाथरूममध्ये रडले, आणि तोंडातून निघालं ते 'प्रभू, तुझे आभार'. कोर्टाचे आभार मानायचं सुचलंच नाही.

माझी जोडीदार वसईची, कॅथलिक. डिसेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या मंजुरीने व्हॅटिकनचं पत्रक आलं. समलिंगी जोडप्याला फादर आशीर्वाद देऊ शकतात, पण विधी म्हणून नाही आणि लग्नासारखं काही दिसता कामा नये. जानेवारीत वर खुलासा, आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा. तिने मोबाइलवर घड्याळ लावलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोजलं. "पंधरा. झालं. आता चहा टाक." मी हसले, पण ते पंधरा सेकंद बरेच लांब होते.

मम्मीला दोन वर्षांपूर्वी सांगितलं. तेव्हापासून ती 'तुझी मैत्रीण' म्हणते, नाव घेत नाही.

आज ती साडीला इस्त्री करत माझं वाचन ऐकत होती. "घाई करू नकोस. 'तुमचा देव'नंतर जरा थांब." मी थांबून परत वाचलं. तिने साडीची घडी उलटली.

"ती येणारे का लग्नाला?"

"बोलावलं तर येईल."

"मग सांग तिला, उपासना दहाला म्हणजे दहाला सुरू होते. आणि रात्रीच ये म्हणावं, सकाळच्या एसटीचं काही खरं नाही."