काकूंनी ‘हो’ म्हटलं, स्क्रिप्टने अर्धंच ऐकलं

आमच्या पतसंस्थेत संध्याकाळचा बॅकअप रोखपाल काकू घेतात. दिवसभर इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टाइप करणारा हात, त्यामुळे बॅकअपची बॅश स्क्रिप्टही (बॅश या कमांड शेलमध्ये चालणारी आज्ञांची फाइल) मराठीतच प्रश्न विचारते. माझ्या आधीच्या माणसाने ती लिहिताना ‘रीड’ला (उत्तर वाचून घेणाऱ्या आज्ञेला) ‘-एन १’ जोडलं होतं. म्हणजे एक अक्षर दाबलं की झालं, एंटरची गरज नाही. इंग्रजी ‘वाय’साठी ठीक आहे. पण ‘जुना बॅकअप पुसू का?’ असं विचारल्यावर मराठी माणूस ‘हो’च टाइप करणार ना!

युनिकोडच्या (प्रत्येक वर्णाला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) लेखी ‘हो’ म्हणजे दोन वर्ण: ‘ह’ आणि त्याची मात्रा. ते साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट. ‘रीड’ने ‘ह’ उचलला आणि तो पुढे निघाला. मागून आलेली मात्रा ‘पेनड्राइव्हवर कॉपी करू का?’ या पुढच्या प्रश्नाच्या गळ्यात पडली, आणि स्क्रीनवर ‘उत्तर समजले नाही’. काकू म्हणाल्या, “अहो, मी अजून बोललेच नाहीये.”

मी ‘-एन’ काढून टाकलं. ‘रीड -आर’ने पूर्ण ओळ घ्यायची आणि उत्तर कशाशी जुळतं ते बघणाऱ्या ‘केस’मध्ये हो, होय, ह, व्हय सगळं चालवून घ्यायचं. ‘-आर’ नसेल तर उलटी तिरकी रेघ ‘रीड’ गिळतो, म्हणून ते कायम असावं. पूर्ण ओळ घेताना एंटर दाबेपर्यंत मजकूर कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) टर्मिनल ड्रायव्हरकडे असतो, बॅशकडे नाही. बॅकस्पेसही तोच सांभाळतो. म्हणून टर्मिनलची सेटिंग ठरवणाऱ्या ‘एसटीटीवाय’मध्ये ‘आययूटीएफ८’ (मजकूर यूटीएफ-८ आहे असं ड्रायव्हरला सांगणारं) चालू हवं. नाहीतर एका बॅकस्पेसला एकच बाइट जातो आणि मागे कचरा उरतो. (टर्मिनलमध्ये जोडाक्षरं कशी दिसतात, त्याबद्दल मी तोंड उघडणार नाही.)

दुसरी भानगड शाखांच्या यादीची. बाहेरचं ‘व्हाइल रीड’चं लूप (ओळी संपेपर्यंत फिरणारं चक्र) फाइलमधून एकेक शाखा वाचतं आणि आतलं ‘रीड’ विचारतं, ‘ही शाखा घेऊ का?’ काकूंना उत्तर द्यायची संधीच मिळत नाही, कारण पुढच्या शाखेचं नावच उत्तर म्हणून आत जातं. ‘रीड’ला कीबोर्ड माहीतच नाही. तो शून्य क्रमांकाच्या डिस्क्रिप्टरवरून (इनपुटच्या दारावरून) वाचतो आणि लूपच्या आत तिथे फाइल जोडलेली असते. बरेच जण आतल्या ‘रीड’ला ‘डेव्ह टीटीवाय’ (म्हणजे थेट टर्मिनल) देतात. मला ते आवडत नाही, मग उत्तरं फाइलमधून देऊन स्क्रिप्ट तपासता येत नाही. मी यादीच तीन नंबरवर उघडतो आणि बाहेर ‘रीड -यू ३’ लिहितो. शून्य काकूंसाठी मोकळा. लूपमध्ये एसएसएच (दुसऱ्या संगणकावर आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) असेल तर तोही शून्यावरची यादी गट्ट करतो, त्याचीही सोय यातच झाली. पण आता काकूंची उत्तरं त्याच्या तोंडी जाऊ नयेत म्हणून एसएसएचला त्याचं स्वतःचं ‘-एन’ (शून्यावरून काही वाचू नको) द्यायचंच.

राहिले आकडे. किती दिवसांचे बॅकअप ठेवायचे, तर काकू देवनागरीत ‘१०’ टाकतात आणि बॅशचं गणित लगेच सिंटॅक्स एरर देतं. काकूंना इंग्रजी आकडे टाका म्हणणं मला पटत नाही, स्क्रिप्टनेच बदलून घ्यावेत. त्यासाठी हात आधी ‘टीआर’ या वर्ण बदलणाऱ्या आज्ञेकडे जातो, पण जीएनयूचा ‘टीआर’ बाइटवर चालतो, देवनागरी अंकांची तो वाट लावतो. मजकुरात बदल करणाऱ्या ‘सेड’ची ‘वाय’ आज्ञा वापरा. एका बाजूला दहा देवनागरी अंक, दुसऱ्या बाजूला त्याच क्रमाने दहा इंग्रजी, आणि लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) यूटीएफ-८ असू द्या.