ठळक वजन, भाग पाच: 'ळ' अखेर मोकळा झाला

मंडळी, मी काढत असलेल्या भौमितिक देवनागरी फाँटच्या ठळक (बोल्ड) वजनातला 'ळ' सुटला! मागच्या भागात 'गुळाचा चहा' ही अक्षरं या वजनात लिहून प्रूफ टाकला होता. पडद्यावर झकास दिसत होता. शनिवारी तोच फ्लेक्सवर छापून घेतला, रस्त्यापलीकडे जाऊन पाहिला, तर 'ळ'च्या जागी नुसता काळा गोळा. ठळक टाइप लांबून वाचायचा असतो आणि नेमका तिथेच तो पडला.

घोळ सांध्यावर होता. भौमितिक म्हणजे शुद्ध वर्तुळ, असं धरून मी दोन अगदी गोल वाट्या शेजारी ठेवल्या होत्या, रेघेची जाडी सगळीकडे 168 युनिट (फाँटमधलं मोजमापाचं एकक). वरून दांडा येतो, दोन्ही वाट्या तिथेच मिळतात आणि पोकळी बुजते. रुंदी 700 वरून 780 केली. पोकळी उघडली, पण 'कळवळा'मध्ये 'ळ' शेजारच्यांना रेटतोय असं दिसायला लागलं. डावी वाटी लहान केली, तर अक्षर एका बाजूला कललं. चार रात्री यातच गेल्या.

मग पॉपिन्स हा भौमितिक फाँट उघडला. 2014 चा, देवनागरी निनाद काळे यांची. पाया वर्तुळाचाच, पण सांध्यापाशी रेघ हलकी केलेली. पॉल रेनर यांच्या 1927 च्या फ्यूचुरा या रोमन लिपीच्या भौमितिक टाइपातही, बोल्डच्या 'n'मध्ये कमान दांड्याला मिळते तिथे तेच. मोजपट्टीने गोल आणि डोळ्याला गोल यांत हा फरक आहे.

सांध्यावर 168 चे 104 केले, वाट्या आडव्या किंचित लांबवल्या, खाली 12 युनिट ओव्हरशूट दिला (गोलाई रेषेच्या किंचित बाहेर काढली), रुंदी 735 वर आणली. पोकळी उघडी राहिली आणि अक्षर ओळीत बसलं. 'जळगाव' कितीदा टाइप करून पाहिलं, मोजलं नाही!

पण जादा नोड (बाह्यरेषेवरचे बिंदू) आल्यामुळे रेग्युलर मास्टरशी, म्हणजे साध्या वजनाच्या मूळ आराखड्याशी, इंटरपोलेशन (दोन वजनांमधली वजनं आपोआप काढणं) तुटलंय. फाँट बनवायच्या सॉफ्टवेअरपैकी फाँटफोर्जवर माझं प्रेम आहे, तरी असला बिघाड शोधायला ग्लिफ्सच बरं, कुठला नोड जुळत नाही ते लगेच दिसतं. आधी ठळक वजन वेगळंच ठेवायचं ठरवलं होतं. आता लिहितानाच सुचतंय, रेग्युलरमध्ये तेवढेच नोड त्याच क्रमाने टाकायचे, फक्त तिथे सांध्यावर रेघ हलकी करायची नाही. मधली वजनं आपोआप निघतील.

हाच सांधा पाकळीच्या, म्हणजे मराठी वळणाच्या, 'ल'लाही लागू पडतो. तो मी 'लोकल'मध्ये (भाषेच्या टॅगनुसार अक्षराचं रूप बदलणारी फाँटमधली सोय), फक्त मराठीसाठी ठेवणार होतो. बेत बदलला. मजकुराला मराठी भाषेचा टॅग लावतो कोण? टॅग नसेल तर हिंदी वळणच उमटतं. म्हणून पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' मूळ जागी, हिंदी वळणं पर्यायात.

'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' मात्र पहिल्या फटक्यात जमला.

उद्या दोन फुटी फ्लेक्स पुन्हा टाकतोय: 'गूळ', 'केळी', 'ताजी फळं'. त्याच फुटपाथवरून बघणार.