ताब्याच्या अर्जात नव्या जोडीदाराबद्दल काय लिहायचं?

घटस्फोटाची केस सुरू असताना समोरच्याच्या आयुष्यात दुसरं कोणी आलंय हे कळलं, की बऱ्याच जणांना वाटतं, आता मूल आपल्यालाच मिळणार. तसं होत नाही. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण आहे, पण तेवढ्यावरून ताबा जात नाही. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 9 वर्षांच्या मुलीचा ताबा आईकडे ठेवताना हेच सांगितलं. आईने पुन्हा लग्न केलं म्हणून तिला ताबा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच म्हटलं होतं.

कोर्ट मुलाचं हित पाहतं, म्हणजे मुलाचा दिवस कसा जातो ते पाहतं. नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज देताना ‘तो दुसऱ्या बाईबरोबर राहतो’ एवढ्यावर थांबू नका. मूल रात्री कुठे आणि कोणाजवळ झोपतं? अंबड-सातपूरच्या कारखान्यात दुसरी पाळी असेल तर संध्याकाळी त्याला जेवायला कोण वाढतं? नव्या माणसाबरोबर ते किती वेळ एकटं असतं? तो माणूस दारू पितो का, त्याच्यावर गुन्हा दाखल आहे का? हॉटेलातल्या फोटोंपेक्षा या उत्तरांना जास्त वजन असतं.

त्यासाठी एक साधी वही घाला. तारीख, मूल भेटीहून किती वाजता परत आलं, जेवून आलं का, गृहपाठ झाला होता का, आणि ते आपणहून काही बोललं असेल तर त्याच्याच शब्दांत. नोंद त्याच दिवशी करा. तारखेच्या आदल्या रात्री बसून भरलेली वही उलटतपासणीत टिकत नाही. सोबत शाळेची हजेरी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जोडा. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट देणार असाल तर 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

सगळ्यात मोठी चूक मुलाला पढवण्याची. कोर्टाचे समुपदेशक मुलाशी एकट्याने बोलतात. 7 वर्षांच्या मुलाच्या तोंडी ‘अनैतिक संबंध’ हा शब्द आला, की तो कोणाचा आहे हे त्यांना लगेच कळतं. त्या मुलाचं काय होत असेल, याचाही विचार करा.

हिंदूंसाठी 1956 चा पालकत्व कायदा आहे. त्याच्या कलम 6 प्रमाणे 5 वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं. याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की ‘वडील’ आणि ‘आई’ या शब्दांत सावत्र वडील, सावत्र आई येत नाहीत. म्हणजे नव्या जोडीदाराला लग्नानेही पालकत्व मिळत नाही. घटस्फोटाचा हुकूमनामा होण्याआधी केलेलं दुसरं लग्न तर मुळात रद्दबातल, आणि गुन्हासुद्धा.

निशाणी 5 च्या अंतरिम अर्जात, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशासाठीच्या अर्जात, अटी नेमक्या मागा. ‘सोयीनुसार भेट’ हे शब्द पुढच्या दहा भांडणांचं मूळ असतात. त्याऐवजी ‘दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी 10 ते संध्याकाळी 6’ असं लिहा. पहिले काही महिने भेटीच्या वेळी नवा जोडीदार नको, मुक्काम नको, मुलाला त्याला ‘पप्पा’ म्हणायला लावायचं नाही, फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत, हेही मागता येतं. वडील निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार असतील तर फेब्रुवारी-मार्चच्या काढणीत शनिवार हमखास बुडतात. पर्यायी दिवस आधीच ठरवून पुरशिशीत (कोर्टाला द्यायच्या लेखी निवेदनात) घाला.

पोटगी थकली म्हणून भेट बंद करू नका. वसुलीचा अर्ज वेगळा करा. भेट अडवली तर आदेश मोडणारे तुम्ही ठरता.

नवा जोडीदार तुमच्याच घरी असेल तर ते प्रतिज्ञापत्रात लपवू नका. उलटतपासणीत ते बाहेर आलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहत नाही.

मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर तारखेची वाट बघायची नाही. 1098 वर फोन करा, पोलिसांकडे जा, लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखाली तक्रार द्या. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, त्याचा व्हिडिओ तर अजिबात काढू नका. ती चौकशी ज्यांचं काम आहे त्यांना करू द्या.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि मुलांना तिथे उत्पन्नाच्या अटीशिवाय मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100. ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलली, नवा माणूस राहायला आला, बदली पुण्याला झाली, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली तो बदलून मागता येतो. नव्या अर्जाला जुन्या आदेशाची प्रमाणित नक्कल जोडा आणि काय, कोणत्या तारखेपासून बदललं ते पहिल्याच परिच्छेदात लिहा.