टेर्व्यूरनला कसं जायचं आणि काय पाहायचं: तुम्ही विचारलंत म्हणून

“ग्रां प्लास पाहिला, ब्रूज झालं, गेंट झालं. आता गर्दी नको. झाडं, तळी, चालायला सपाट वाट असं एखादं शांत गाव ब्रसेल्सच्या जवळ आहे का? आणि गाडी नसेल तर तिथे जाता येतं का?” मुलाकडे किंवा लेकीकडे महिना-दोन महिने राहायला आलेले आईवडील दुसऱ्या आठवड्यापर्यंत हा प्रश्न विचारतातच. आमचं उत्तर ठरलेलं आहे: टेर्व्यूरन. ब्रसेल्सच्या पूर्वेला, शहराला लागून, पण फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात. ट्राम थेट जाते. मात्र नुसती हिरवळ बघून परत येऊ नका. ती हिरवळ, ते रुंद रस्ते आणि तुम्ही ज्या ट्राममधून जाणार ती ट्रामसुद्धा कुठल्या पैशातून उभी राहिली, हे त्याच गावात लिहून ठेवलेलं आहे. ते वाचल्याशिवाय टेर्व्यूरन अर्धंच पाहिलं जातं.

आधी नावाचा घोळ. डच भाषेत Tervuren हे नाव ‘तेर्व्यूरन’च्या जवळपास उच्चारतात, फ्रेंच पाट्यांवर त्यात एक जादा अक्षर असतं. गाव एकच. पण ब्रसेल्स शहरात ‘टेर्व्यूरन अव्हेन्यू’ नावाचा प्रचंड लांब रस्ता आहे. तो सुरू होतो मेरोद मेट्रो स्टेशनजवळ, जुन्या प्रदर्शनाच्या कमानीपाशी, आणि संपतो टेर्व्यूरन गावात. हॉटेलच्या पत्त्यात हे नाव दिसलं की लोकांना वाटतं आपण गावातच उतरलो आहोत, आणि प्रत्यक्षात खोली असते शहराच्या मध्यावर. पत्त्यात पिनकोड बघा. गावाचा ३०८० आहे.

जायला मेट्रोची १ नंबरची लाइन घ्या, स्टोकेलच्या दिशेची, आणि माँटगोमेरीला उतरा. सेंट्रल स्टेशनवरून ती थेट मिळते. चूक इथेच होते: बरंच अंतर १ आणि ५ या दोन्ही लाइन एकाच रुळावरून धावतात आणि मेरोदनंतर फुटतात. ५ नंबरमध्ये बसलात तर माँटगोमेरी येतच नाही. तसं झालंच तर पुढच्या थांब्यावर उतरून मेरोदला परत या आणि १ नंबर पकडा. विमानतळावरून थेट येत असाल तर शूमनला थांबणारी ट्रेन बघा. तिथून मेट्रोने माँटगोमेरी दुसराच थांबा.

माँटगोमेरीला वर रस्त्यावर जायचं नाही. ट्रामचा फलाटही जमिनीखालीच आहे. तिथून ४४ नंबर सुटते. ती टेर्व्यूरनपर्यंत जाते आणि तिथेच संपते, त्यामुळे कुठे उतरायचं याची काळजी नाही. वेळ वीस ते पंचवीस मिनिटं. उन्हाळ्यात रुळांची कामं निघाली की मधल्या टप्प्यात बस लावतात, म्हणून निघण्याआधी ब्रसेल्सच्या वाहतूक संस्थेच्या ॲपवर मार्ग एकदा तपासा.

तिकिटाचं सोपं आहे, पण भारतातून आणलेल्या कार्डाने अडतं. मेट्रोच्या दारावर आणि ट्रामच्या आत मशीनला बँकेचं कार्ड टेकवलं की तिकीट निघतं. मेट्रोतून ट्राममध्ये बदलताना पुन्हा टेकवायचं. एका तासाच्या आत असाल तर दुसऱ्यांदा पैसे कापले जात नाहीत. माणशी एक कार्ड लागतं. नवरा-बायको दोघांचं एकाच कार्डावर होत नाही. भारतीय बँकांची कार्डं सुरुवातीला फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतात. परदेशी वापर आणि टॅप हे दोन्ही पर्याय बँकेच्या ॲपमध्ये वेगवेगळे चालू करावे लागतात. ते घरी वायफायवर करून ठेवा, कारण ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. फक्त रुपेचं कार्ड असेल तर स्टेशनातल्या मशीनवरून मुलांना तिकीट काढून द्यायला सांगा. आणि हे लक्षात असू द्या की ४४ ही ब्रसेल्सच्या वाहतूक संस्थेची ट्राम आहे, तर टेर्व्यूरनमधल्या पांढऱ्या-पिवळ्या बस फ्लँडर्सच्या ‘दे लाइन’च्या. एकाचे टॅप केलेले पैसे दुसऱ्याकडे चालत नाहीत.

गुडघे दुखत असतील तर एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या मार्गावर वर्षानुवर्षं उंच पायऱ्यांच्या जुन्या ट्राम धावत आल्या आहेत. दांडी धरून तीन पायऱ्या चढायच्या तयारीने जा. बाबागाडी असेल तर ती उचलायला दुसरं माणूस हवं.

प्रवास मात्र असा की पुस्तक उघडूच नये. बोगद्यातून वर आली की ट्राम मोठमोठ्या घरांच्या ओळीतून जाते. त्यातच स्टोकले पॅलेस आहे, योजेफ होफमान या वास्तुकाराने १९०५ ते १९११ मध्ये बांधलेलं, २००९ पासून जागतिक वारसा. आत जाता येत नाही, खिडकीतूनच बघायचं. मग उजवीकडे वोलुवे पार्कचा उतार, ट्राम म्युझियमचा थांबा, आणि त्यानंतर घरं मागे पडून सोनियनचं जंगल सुरू होतं. ट्राम चक्क झाडांमधून धावते. एका राजधानीच्या मध्यापासून पाऊण तासाच्या आत, एका साध्या तिकिटात.

सोनियन म्हणजे सुमारे ४,४०० हेक्टर, आपल्या भाषेत अकरा हजार एकरांच्या आसपास. त्यातली बरीचशी झाडं बीच जातीची. खोडं राखाडी, गुळगुळीत, सरळसोट, आणि खाली झुडपांचा पत्ता नाही. याचं कारण बीचची दाट सावली: पालवी फुटली की जमिनीपर्यंत ऊन फारसं उतरत नाही, त्यामुळे खाली दुसरं काही जोमाने वाढत नाही. म्हणून ते खांबांच्या दालनासारखं दिसतं. या जंगलाचा काही भाग २०१७ मध्ये युरोपातल्या प्राचीन बीच वनांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला. पण ही झाडं दिसतात तितकी घट्ट उभी नाहीत. इथल्या मातीत खाली एक कडक थर आहे, मुळं त्याच्याखाली जात नाहीत, उथळ पसरतात. १९९० च्या वादळांत शेकडो वर्षांच्या बीचची मोठी पडझड झाली ती म्हणूनच. वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी जंगलात पाऊल टाकू नका, पायवाट कितीही मोकळी दिसो.

कधी जायचं? सोमवार सोडून. म्युझियम सोमवारी बंद असतं आणि बरीच छोटी खाण्याची ठिकाणंही. पालवीसाठी एप्रिलचा शेवट ते मे, रंगांसाठी ऑक्टोबरचा शेवट. निळ्या फुलांचा गालिचा असलेलं जे जंगल तुम्ही फोटोत पाहिलंत ते हे नव्हे. ते हालेजवळचं हालरबोस, ब्रसेल्सच्या नैर्ऋत्येला. दरवर्षी कुणीतरी त्या फुलांसाठी टेर्व्यूरनला येतं आणि हिरमुसतं. डिसेंबरात पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा सकाळी निघालात तरच अर्थ आहे. जूनमध्ये मात्र रात्री दहापर्यंत उजेड, मग जेवण करून निघालात तरी चालेल.

ट्राममधून उतरलात की मोठ्या रस्त्यापलीकडे एक पांढरी देखणी इमारत दिसते. ते कलोनियन पॅलेस, वसाहतींचा महाल, १८९७ सालचं. त्या वर्षी ब्रसेल्समध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याने त्याचा काँगोविषयीचा भाग इथे मांडला, आणि लोकांना आणण्यासाठी टेर्व्यूरन अव्हेन्यू आणि त्यावरची ट्राम बांधवली. काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहतही नव्हता; १८८५ ते १९०८ तो या एका माणसाच्या खासगी मालकीचा प्रदेश होता. रबर आणि हस्तिदंत सक्तीने गोळा करून घेतलं जाई. सुरुवातीला म्हटलेला पैसा तो हाच. प्रदर्शनासाठी काँगोतून २६७ माणसं आणली आणि इथल्या तळ्याकाठी खोटी गावं उभारून त्यांना त्यात लोकांना बघण्यासाठी ठेवलं. सात जण इथेच मेले.

त्यानंतर शार्ल जिरो या फ्रेंच वास्तुकाराकडून राजाने कायमचं म्युझियम बांधवून घेतलं. ते १९१० मध्ये उघडलं, राजा त्याच्या काही महिने आधी वारला. आज ते आफ्रिका म्युझियम म्हणून ओळखलं जातं. पाच वर्षं बंद ठेवून, मांडणी बदलून, डिसेंबर २०१८ मध्ये ते पुन्हा उघडलं. दार जुन्या इमारतीतून नाही, शेजारच्या काचेच्या नव्या इमारतीतून आहे. तिथून भुयारी वाटेने जुन्या इमारतीत जायचं. वाटेत एकाच खोडातून कोरलेली बावीस मीटरांहून लांब होडी ठेवली आहे.

इथे अडीच तास द्या, आणि पेंढा भरलेल्या हत्ती-जिराफांपाशी सगळा वेळ घालवू नका. दोन जागा चुकवायच्या नाहीत. एक, घुमटाखालची गोल खोली. भिंतींच्या कोनाड्यांत सोनेरी पुतळे आहेत, बेल्जियमने काँगोला सुसंस्कृत केलं असं सांगणारे. इमारत संरक्षित असल्याने ते काढता येत नाहीत. म्हणून त्यांच्यासमोर एमे म्पाने या काँगोच्या कलाकाराचं लाकडी महाशिल्प, एका आफ्रिकी माणसाचं मस्तक, उभं केलं आहे. दुसरी, स्मृतीची लांब खोली. भिंतीवर काँगोत मेलेल्या १,५०८ बेल्जियन लोकांची नावं कोरलेली. काँगोच्या लोकांचं त्यात एकही नाव नव्हतं. फ्रेडी त्सिंबा या शिल्पकाराने समोरच्या खिडक्यांवर १८९७ मध्ये इथे मेलेल्या सात जणांची नावं लिहिली. ऊन असलं की त्यांची सावली त्या भिंतीवरच्या नावांवर पडते. ढगाळ दिवशी ती दिसत नाही, तेव्हा ऊन पडलं की आधी इकडे या.

खाण्याचं आता सांगतो, कारण म्युझियममधून बाहेर पडेपर्यंत भूक लागलेली असते. शाकाहारी असाल तर फ्राइट घेण्याआधी विचारा. बेल्जियमचे बटाट्याचे फ्राइट पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात, आणि दुकानावर तसं लिहिलेलं असेलच असं नाही. ‘प्लांटार्डख?’, म्हणजे वनस्पती तेल का, एवढं विचारलं तरी पुरे. या भागाची खरी शाकाहारी न्याहारी म्हणजे प्लाटेकास लावलेला ब्रेडचा जाड तुकडा, वर मुळ्याच्या चकत्या आणि पातीचा कांदा. प्लाटेकास म्हणजे जवळजवळ आपला चक्काच, थोडा सैल आणि कमी आंबट. वर मीठ-मिरपूड. चक्का-भाकरी खाणाऱ्याला तो पहिल्याच घासाला आवडतो. फक्त त्यात रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजणासारखं द्रव्य, असू शकतं, कडक पाळत असाल तर तेही विचारा. पाणी घरून न्या. हॉटेलात नळाचं पाणी बहुधा देत नाहीत, बाटलीचे पैसे लागतात. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी खिशात असू द्या.

मग पार्क. जवळजवळ दोनशे हेक्टर. ब्राबांटच्या सरदारांचा शिकारवाडा इथे होता. म्युझियमच्या मागच्या बाजूने गच्चीसारख्या बागेतून पायऱ्या उतरा. समोर कापलेल्या झाडांची सरळ फ्रेंच मांडणी आणि लांबलचक कालवा. ज्यांना फार चालवत नाही त्यांनी इथल्याच बाकावर बसावं, दृश्य सगळ्यात चांगलं इथलंच आहे. चालणाऱ्यांनी पाण्याच्या कडेने पुढे जावं: तळ्यामागून तळं लागतं आणि मध्ये स्पॅनिश हाउस नावाचं विटांचं जुनं घर. सावकाश फिरलं तर दीड-दोन तास. परतताना सेंट ह्यूबर्टचं चॅपल गाठा, १६१७ चं. शिकाऱ्यांचा हा संत टेर्व्यूरनमध्येच वारला अशी इथली श्रद्धा आहे.

आर्बोरेटम, म्हणजे वृक्षोद्यान, त्याच दिवशी उरकू नका. ट्रामपासून ते तीनेक किलोमीटर दूर, आत शंभर हेक्टरांच्या जवळपास. १९०२ पासूनचं. झाडं जातीनुसार नाही, जगाच्या प्रदेशांनुसार लावली आहेत, त्यामुळे एका वळणावर उत्तर अमेरिकेतले महाकाय सिकोया आणि दुसऱ्या वळणावर जपान. फुकट आहे. त्याला वेगळा दिवस आणि सायकल किंवा मुलांची गाडी हवी.

गवतात आणि पाल्यात गोचीड असतात, जनावरांवर दिसतात त्याहून कितीतरी बारीक, खसखशीएवढ्या. त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. लांब पँट, मोजे वर ओढलेले, वाटेवरच चालायचं, आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली तपासायचं. सापडली तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडी, चुना काही लावायचं नाही. चावलेल्या जागी काही दिवसांनी लाल वर्तुळ पसरू लागलं तर डॉक्टरकडे जा.

संध्याकाळी ट्रामकडे वळण्याआधी गावच्या चौकाजवळच्या सेंट जॉन चर्चकडे जा. आत नाही, बाहेर, भिंतीलगत. तिथे ओळीने सात दगडी कबरी आहेत. एकिया, गेंबा, कितुक्वा, म्पेया, झाओ, सांबा, मिबांगे. १८९७ च्या त्या उन्हाळ्यात तळ्याकाठच्या खोट्या गावात ठेवलेले ते सात जण हेच. थोडा वेळ उभे राहा, नावं मोठ्याने वाचा. ट्रामचा थांबा तिथून दहा मिनिटांवर आहे, आणि आत चढल्यावर कार्ड पुन्हा टेकवायचं आहे.